रमा मार्केटातली घासाघीस

कंदील बारीक करा पोट्टेहो, अन् दाराकडं पाठ करून बसू नका. मागाहून म्हणाल, काकानं सांगितलं नाही.

आपल्या गल्लीतल्या मोरोपंत वकिलांचा हेमचंद्र तुम्ही पाहिला आहे. आता खाली पाहून चालतो. तेव्हा आभाळाकडं पाहून चालायचा. मुंबई पाहून आला अन् बापाच्या पैशानं बडनेरा रोडला, गावाबाहेरच्या माळावर, दोन मजली ‘रमा मार्केट’ बांधलं. रमा म्हणजे त्याची बायको. एका छपराखाली सगळी दुकानं, विजेचे पंखे, काचेची कपाटं, अन् दुकानागणिक पाटी : भाव एकच. घासाघीस करू नये.

वऱ्हाडी माणसाला घासाघीस करू नको म्हणणं म्हणजे जेव पण चावू नको म्हणणं! पण गर्दी काय लोटली हो! अर्धी अमरावती पंख्याखाली उभी राहून घाम वाळवायची, काचांवर बोटं उमटवायची, अन् लुगडी घ्यायला परत जुन्या बाजारात. बडनेऱ्याचे रेल्वेबाबू तर बायकापोरं घेऊन फुकटची हवा खायला यायचे. असले आपले लोक. दुकानदार एकेक करून उठले. माडीवर पारवे राहायला आले. तेवढेच भाडेकरू टिकले.

शेवटी अकोल्याचे खुशालराव इमारत घ्यायला तयार झाले. सरकीचं गोदाम करणार होते. “उद्या सकाळी येऊन पाहातो,” म्हणाले. हा सौदा फिसकटला तर हेमचंद्राला बापाच्या कचेरीत अर्जांच्या नकला करत बसावं लागणार होतं. ज्या बापाला त्यानं चारचौघांत जुनाट म्हटलं होतं, त्याच बापाच्या.

माडी झाडून हवी होती. पण ती रात्र कोजागिरीची, साल चौसष्ट. झाडणारी जमुना म्हणाली, “आमी दूध आटवून राहिलो साहेब. अन् त्या माडीवर रातची मी नाही येत बाप्पा. तिथं कोनी भाव इचारते.”

“मूर्ख बाई!” म्हणत हेमचंद्रानं स्वतःच खराटा उचलला अन् सायकलीवर टांग टाकली.

माडीवर चांदणं आलं होतं. खाली सिमेंटची फरशी, तिच्यावर पारव्यांची घाण. नाक दाबत दाबत त्यानं झाडायला घेतलं. मधोमध आला, तेव्हा मागून कोणी तरी बोललं.

“कितीले देता?”

बाईचा आवाज. म्हातारीचा. साधाच.

हेमचंद्र वळला. कोणी नाही.

“कोण आहे? मार्केट बंद आहे.”

“माडीसकट कितीले, म्हनलं.”

सवय वाईट. तोंडातून निघून गेलं, “भाव एकच.” अन् खुशालरावांना सांगितलेला आकडा सांगितला.

“लय होते. कमी करा.”

आवाज एक पाऊल जवळ आला होता. पारवे गप्प झाले.

ज्यानं कधी कोणाला दमडी सोडली नाही, तो अर्ध्यावर आला.

“अजून...”

आणखी जवळ.

अर्ध्याचं अर्धं केलं.

“अजून...”

आता अगदी कानाशी. कानाला श्वास लागत नव्हता. नुसता आवाज.

“फुकट घे!” हेमचंद्र किंचाळला. “सगळी घे बाई, पण जा...”

...

हेमचंद्र जिन्याकडं सरकला.

मग अगदी खुशीत, “आता कायले जाऊ? घेतली ना मी.”

तो जिना कसा उतरला, त्यालाच ठाऊक. सायकल तिथंच राहिली.

सकाळी खुशालराव आले. मीही गेलो मागं, मजा पाहायला. हेमचंद्र खालीच उभा राहिला. आम्ही वर चढलो. खुशालराव दारातच थबकले.

“अहो,” ते हळूच म्हणाले, “इथं तं कोनी राहाले आलं.”

ती सिमेंटची फरशी शेणानं सारवलेली होती. ओली. बोटांचे अर्धगोल उमटलेले.

सारवणारी बाई आतून दाराकडं मागं मागं सरकत येते. तुमच्या आयांना विचारा. हे सारवण दारापासून सुरू झालं होतं... अन् आत गेलं होतं... पार कोपऱ्यातल्या भिंतीपर्यंत.

परत आलेलं पाऊल त्यावर एकही नव्हतं.