दोघांत एक पॉलिश मशीन

बेंगळूरच्या जे. सी. रोडवर हंबीररावांच्या दुकानात कौशल्या शिरली, ती चांगली ठरवून. वडिलांचा, जयसिंगरावांचा, खांदा धरला होता आणि दर रविवारी आपल्या हातानं मॉरिस मोटार चमकवल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. तेव्हा आता विजेचं पॉलिश मशीन घ्यायचं, असं लेकीनं परस्पर ठरवून टाकलं. साठ-एकसष्टचा काळ तो… चामराजपेटेतल्या मुलीनं मोटारींच्या सामानाच्या दुकानात एकटीनं जाणं म्हणजे आगाऊपणाच. पण कौशल्या होतीच आगाऊ.

दुकानात एक उंच, सावळा तरुण आधीच उभा होता. बसवंत त्याचं नाव. मूळचा निपाणीचा, इथे विमान कारखान्यात नोकरीला. बदली झालेल्या साहेबाची जुनी ऑस्टिन गाडी नुकतीच त्याच्या पदरात पडली होती. त्याच्यापुढे दोन मशीनं मांडलेली – एक जडशीळ नि भन्नाट वेगाचं, दुसरं हलकं, सावकाश फिरणारं.

“पुरुषमाणसाला हेच शोभतं,” म्हणत हंबीररावांनी मोठं मशीन त्याच्या हाती दिलं आणि बघायला एक जुनं मडगार्ड पुढे सरकवलं.

बसवंतनं बटण दाबलं मात्र, मशीन जे उधळलं ते त्यालाच ओढत कौशल्येच्या दिशेनं निघालं.

“अण्णा, स्वल्प हळू!” ती ओरडली. मग हसू काही आवरेना. मडगार्डचा रंग उडून खालचा पत्रा दिसत होता.

“हे नको,” दोघंही एकदम म्हणाले.

हलकं हवं, पण ते एकच उरलेलं. माल परदेशी, पुढचा कधी येईल ते देव जाणे. ‘तुम्ही घ्या’, ‘छे, तुम्हीच घ्या’ असं इतका वेळ चाललं की हंबीररावच कंटाळले.

“दोघांत मिळून घ्या की. एक रविवार यांच्याकडे, एक रविवार त्यांच्याकडे. मी दोघांनाही ओळखतो.”

आणि मग चामराजपेटेत ते रविवार सुरू झाले! मशीन आणायच्या निमित्तानं आलेला बसवंत मॉरिसला पॉलिश करूनच जाई. कौशल्या फडक्यानं मेण पातळ पसरायची, तो लोकरीची टोपी चढवलेलं मशीन फिरवायचा. मेणाचा तो उग्र वास, बाहेर बारीक पाऊस… बॉनेट चमकायला लागलं की दोघांचे चेहरे त्यात शेजारी-शेजारी उमटत आणि दोघंही मान वर करायचं टाळत.

सगळं छान होतं. फक्त तो तिला ‘अक्का’ म्हणायचा. “अक्का, वायर जरा इकडं घ्या की.” तिचा जीव नुसता जळायचा.

आणि एका रविवारी तिला बघायला होसकोट्याचे लोक यायचे ठरले. त्यांना आणायला मॉरिसच जाणार, म्हणून बसवंत सकाळपासून मान खाली घालून पॉलिश करत होता.

“फारच मन लावून चाललंय,” ती म्हणाली.

“तुमच्या घरचं कार्य आहे… भावानं राबायला नको?”

“भाऊ? कुणाचा भाऊ?”

त्यानं मशीन बंद केलं. “दुकानात पहिला शब्द तुम्ही अण्णा म्हणालात. आमच्याकडं निपाणीला एकदा अण्णा म्हटलं की भाऊबीजेचं ताट आलंच बघा. मग मी… गप्प बसलो.”

कौशल्येनं कपाळावर हात मारून घेतला. “अहो, बेंगळूरात दूधवाला अण्णा, कंडक्टर अण्णा. घरात वडिलांनाही मी अण्णाच म्हणते. म्हणून दूधवाला काय माझा बाप झाला?”

त्यानं मशीन बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाला, “तसं असेल तर ही गाडी मला आज चमकवायची नव्हती.”

“का?”

“मला तुम्ही आवडता, कौशल्या. पहिल्या दिवसापासून.”

तिचं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं होतं. तिचे डोळे भरून आले. मेणाचे हात पदराला पुसत ती तडक आत गेली. जयसिंगराव कोट घालत होते.

“अण्णा, होसकोट्याला जाऊ नका. मला बाहेर उभे आहेत ते पसंत आहेत.”

एक बाही घातलेली, एक लोंबकळती, तसेच जयसिंगराव खिडकीपाशी गेले. बाहेर बसवंत चमकलेलं बॉनेटच पुन्हा पुन्हा पुसत होता. वडिलांनी उरलेली बाही सावकाश चढवली, कोटाची बटणं लावली आणि अंगणात गेले.

“काय हो,” त्यांनी घसा साफ करून विचारलं, “निपाणीला तुमच्या घरी कोण कोण असतं?”

मुलीच्या बापानं असं विचारलं की त्याचा अर्थ काय, हे निपाणीलाही ठाऊक होतं. बसवंतच्या हातातलं फडकं गळून पडलं.

“आई असते,” तो कसाबसा म्हणाला. “आणि… दोन म्हशी.”