अंधारात फिरणारी चादर

बायकांच्या स्वच्छतागृहात एक पुरुष उभा होता, आणि हँड ड्रायरखाली त्याने चक्क डफ धरला होता.

दार ढकलून आत आलेली मुलगी जागच्या जागी थबकली. खरं तर ती इथे रडायला आली होती. रडायला आलेल्या माणसाला सोबत नको असते, त्यातून डफवाल्याची तर नाहीच नाही.

"तुम्ही... इथे?"

"पुरुषांकडचा ड्रायर बंद आहे," तो घाईघाईने म्हणाला. "बाहेर सकाळपासून झिमझिम चालू आहे, चामडं सैल पडलंय. असा वाजवला तर उशी थोपटल्यासारखा आवाज येईल. दोनच मिनिटं... तुम्हाला घाई आहे का?"

"मला रडायचंय," ती म्हणून गेली, आणि जीभ चावली.

त्याने क्षणभर विचार केला. मग पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि ड्रायरचं बटण पुन्हा दाबलं.

"रडा. या आवाजात मला काहीही ऐकू येत नाही."

ती रडणार होती, अगदी ठरवून आली होती. पण त्या रुंद पाठीकडे, मानेवर चिकटलेल्या काथ्याच्या धाग्याकडे बघता बघता तिला हसूच फुटलं. तो वळला नाही. कान मात्र लाल झाले होते.

त्या दोघांची खरी ओळख झाली ती अशी.

तिला सगळे खजिनदारबाई म्हणत. दिवसा ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी मात्र, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या लोकगीतांच्या मैफलीचा हिशोब तिच्या गळ्यात असायचा. होडीवाल्यांची गाणी, कापणीची गाणी, पाळण्याची गाणी... दर वेळी नवा गायक यायचा. खुर्च्या मांडणारे, चहा करणारे, पत्रकं चिकटवणारे सगळे हौशी. पगार कुणालाच नाही. मानधन फक्त गायकाला आणि साथीला बसणाऱ्या या डफवाल्याला.

आणि तिकीट नाही! हा मास्तरांचा नियम. मास्तर म्हणजे ही मैफल सुरू करणारे निवृत्त शिक्षक. शेवटचं गाणं वाद्यांशिवाय, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. त्या वेळी मास्तर स्वतः उठून दिवे बंद करत आणि अंधारात एक चादर हातोहात फिरे. ज्याला जे जमेल ते त्याने तिच्यात टाकायचं. कुणी किती टाकलं ते कुणाला दिसू नये, थोडं देणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून हा अंधार. चादर शेवटी डफवाल्याकडे पोचायची. तो चारी टोकांची गाठ मारून ती खजिनदारबाईंच्या हवाली करायचा. त्यातूनच पुढच्या महिन्याचं भाडं, त्यातूनच मानधनाची पाकिटं.

फार सुंदर नियम. फक्त चादर दर महिन्याला हलकी होत चालली होती, आणि ते एकट्या खजिनदारबाईंना माहीत होतं. भीती तिच्या पोटात बिऱ्हाड थाटून बसली होती. दुकानात गिऱ्हाईकाला "वरची ओळ वाचा" म्हणताना तिला त्या ओळीत भाड्याचा आकडा दिसायचा.

पण नवल झालं. ती रडायची राहून गेली त्याच संध्याकाळी चादर जरा जड आली. पुढच्या महिन्यातही तशीच. त्याच्या पुढच्याही.

"आज रडायला जाणार असाल तर सांगा," डफवाला गाठ तिच्या हातात देताना हळूच म्हणायचा. "डफ गरम करून घ्यायचाय."

"आज नाही. आज माणसं देवासारखी वागली."

"देव जपून खर्च करतात म्हणे."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला? मला काहीच माहीत नाही," असं म्हणून तो डोळ्यांतलं हसू लपवायला खाली वाकायचा, आणि आधीच घट्ट असलेली गाठ आणखी घट्ट करायचा. त्या गाठीवर दोघांची बोटं जरा जास्तच वेळ राहायची. महिन्याचे बाकीचे दिवस तिला ती बोटं आठवायची.

मग हॉलवाल्या काकूंनी दम भरला. गोदाम त्यांचं. "वर्षाचं नक्की करा आणि डिपॉझिट टाका, नाहीतर मी जागा व्यायामशाळेला देते. एका महिन्याचं भाडं चुकलं की डिपॉझिट बुडालं समजा." समितीकडे डिपॉझिट कुठलं? खजिनदारबाईंकडे मात्र होतं. स्वतःचं छोटंसं चष्म्याचं दुकान काढायला तिने पै पै करून साठवलेले पैसे. चादर आता जड येतेय, माणसं पुन्हा देऊ लागलीत, या भरवशावर तिने ते सगळे काकूंच्या हातावर ठेवले. कुणाला म्हणून सांगितलं नाही. घरी ताईला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि पुढच्याच मैफलीला डफवाला आला नाही.

हाताला लागलंय, असा निरोप आला. गायकाने डफाशिवाय निभावून नेलं. दिवे गेले, गाणं झालं, चादर फिरली, आणि कुणीतरी गाठ मारून तिच्या हातात दिली. तिने ती घेतली. आत नुसती चिल्लर खुळखुळत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या कारखान्यात गेली. तो सोफे दुरुस्त करायचा. पोट फाडलेल्या खुर्च्या, काथ्या, सरसाचा वास, आणि मधोमध तो, उजव्या तळव्याला जाडजूड पट्टी बांधून. तिला पाहताच तो धडपडत उठला.

"खिळा गेला आरपार. होईल बरा." मग आवाज उतरला. "चादर... फार हलकी आली का हो?"

ती बघतच राहिली. मैफल कशी झाली, गायक कसा होता, हे त्याने विचारलं नव्हतं.

"हलकी आली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचे कान लाल झाले.

"तुम्ही टाकत होतात? तुमचं मानधन?"

"पाकिटातले टाकायचो... आणि थोडे वरचे."

"म्हणजे मी जे पैसे पाकिटात घालून देत होते तेच मला परत येत होते? आणि मी मूर्खासारखी म्हणतेय, माणसं देवासारखी वागली!"

"मास्तरच म्हणतात ना, अंधारात द्यावं—"

"कळतंय का तुम्ही काय केलंत?" तिचा आवाज फाटला. "त्या चादरीकडे बघून मी काकूंना वर्षाचा शब्द दिला! माझे पैसे दिले, माझ्या दुकानाचे! एक भाडं चुकलं की सगळं जाणार, मैफलही आणि पैसेही!"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो बैठक नसलेल्या खुर्चीच्या चौकटीवर कसाबसा टेकला.

"तुमचे? मला वाटलं समितीने—"

"समितीकडे आहे काय? मास्तरांचा खोकला आणि कान तुटलेले कप!"

तिला प्रचंड राग आला होता, आणि त्या पट्टीवर उमटलेला लाल डाग बघून जीवही कळवळत होता. दोन्ही एकदम होणं फार त्रासाचं असतं.

"का केलंत असं?" तिने शेवटी विचारलं.

"तुम्ही आत रडायला आला होतात ना, त्या संध्याकाळी गाठ मारताना हाताला काही लागेचना. म्हटलं, ही आता मोजेल आणि मैफल बंद करेल. मग मी..." तो अडखळला. "मग मी तुम्हाला बघायला कुठे येऊ? चष्म्याच्या दुकानात? माझे डोळे ठणठणीत आहेत हो."

"स्वतःच्या हातात खिळा ठोकून घेतो आणि म्हणे डोळे ठणठणीत!"

तिला हसायचं नव्हतं. तरी हसली, आणि मग मात्र खरोखर रडली, त्याच्या अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर बसून. या वेळी त्याने पाठ फिरवली नाही. डावा हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला.

"मलाही तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "पण असे नाही. उपाशी राहून माझी चादर भरणारे नकोत. आता लोकांना खरं सांगावं लागणार."

"कोण सांगणार?"

हिशोब तिच्याकडे, म्हणजे सांगणारही तीच. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की तिची दातखीळ बसायची.

या खेपेचं भाडं तिने आपल्या पगारातून भरलं, पुन्हा ते जमणार नव्हतं. पुढच्या मैफलीचा रविवार उजाडेपर्यंत तिला धड जेवण गेलं नाही. संध्याकाळी गोदामाचा जिना चढताना तिने दोनदा कठडा धरला. डफवाला पट्टीसकट, डाव्या हाताने वाजवायला बसला होता. मैफल रंगली म्हणे. तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. मागच्या रांगेत काकू हाताची घडी घालून बसल्या होत्या. शेवटचं गाणं आलं, मास्तर नेहमीसारखे उठले आणि बटणाकडे हात नेला.

"मास्तर, नको." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आज दिवे राहू द्या."

सगळ्या माना वळल्या. पण ती बोलली. चादर कशी रिकामी होत गेली, एक सोफेवाला आपली कमाई तिच्यात कशी टाकत राहिला, तिने स्वतः काय पणाला लावलं, सगळं सांगितलं. "आज भाडं निघालं नाही तर ही शेवटची मैफल," ती म्हणाली, आणि खाली बसली. डफवाल्याने शरमेने तोंड डफामागे लपवलं होतं.

मास्तरांचा हात अजून बटणावरच होता. तिला वाटलं, ते आता दिवे घालवणार. म्हाताऱ्याच्या हयातभराच्या नियमावर आपण सगळ्यांदेखत पाय दिला.

"आम्हाला वाटायचं मागचे देतात," पहिल्या रांगेतली एक बाई पुटपुटली.

"आणि आम्हाला वाटायचं पुढचे," मागून कुणीतरी म्हणालं.

मास्तरांनी हळूच हात खाली घेतला. खिशातून पाकीट काढलं, सगळ्यांसमोर उघडलं, आणि होतं ते चादरीत टाकलं. ते फार नव्हतं. त्यांची मान खाली गेली नाही. मग चादर भगभगीत उजेडात पुढे सरकली, आणि कुणीतरी गाणं उचललं.

भाडं निघालं. गायकाचं मानधन निघालं. डफवाल्याचंही निघालं आणि तिने ते पाकीट त्याच्या सदऱ्याच्या खिशात स्वतः कोंबलं. "हे परत आलं तर बघा." काकूंनी नोटा मोजून पर्समध्ये टाकल्या. "या महिन्याचं झालं. पुढच्या महिन्यात चुकलात तर डिपॉझिट गेलं हं," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

खुर्च्या रचताना तो तिच्या शेजारी आला. एका हाताने त्याला खुर्ची उचलता येत नव्हती. दुसरी बाजू तिने धरली.

"पुढच्या महिन्याला काय होईल?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. मला अजून भीती वाटतेय. पहिल्यापेक्षा जास्तच."

"मलाही."

तिने खुर्ची खाली ठेवली. त्याचा पट्टी बांधलेला हात दोन्ही हातांत घेतला, अगदी जपून.

"मग इथून पुढे," ती म्हणाली, "एकट्याने घाबरायचं नाहीस तू."