चार बोटं कमी

ताडपत्रीखाली काय आहे, हे तुम्ही मला संध्याकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय. तुमची गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागली म्हणून राग आलाय, कळतंय मला. एवढं मोठं अंगण आणि निम्मं त्या एका धुडाने अडवलंय. तुमची काकू वर्षभर हेच ऐकवतेय. आज सांगतो. फक्त ते मोबाईल खिशात ठेवा, आणि मध्येच 'काका, लॉजिकली बघितलं तर' असं सुरू करायचं नाही. लॉजिक मीही बघितलंय. तेहेतीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय.

गोष्ट माझ्या साडूची. काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तो उंच, कमी बोलणारा. एका डॉक्टरांकडे एकोणीस वर्षं ड्रायव्हर होता. डॉक्टर त्वचेचे, प्रॅक्टिस जोरात. घरात डॉक्टर, त्यांची बायको आणि म्हातारी आई. आईला सगळे माई म्हणायचे. माईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे चाकाच्या खुर्चीशिवाय हलता यायचं नाही.

ती खुर्ची दुकानातली नव्हती. माईंच्या नवऱ्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. जायच्या आधी, हात थरथरत असताना, त्याने बायकोसाठी ती स्वतः केली होती. जाड नळ्यांची, जड, घडी न होणारी. हँडलवर हिरव्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. मुलाने हलकी, घडीची खुर्ची आणून दिली तर माईंनी तिच्यावर धुतलेले कपडे वाळत घातले.

मग डॉक्टरांनी ही गाडी घेतली. घ्यायला गेले तेव्हा शोरूमवाल्याने कातडी सीट दाखवल्या, आतले रंगीत दिवे दाखवले, पाठ चेपणारी मोटर दाखवली. डिकी उघडून कुणी बघितली नाही. घरी आणल्यावर उघडली, तर निम्म्या डिकीत ही भलीमोठी बॅटरी, स्टेपनी आणि गाण्यांचा खोका. साडूने खुर्ची आडवी घालून बघितली, उलटी घालून बघितली, चाकं काढून बघितली. चार बोटं कमी. एवढ्या थाटाच्या गाडीत एका म्हातारीची खुर्ची मावेना. गाडी ही अशी असते होय? माझ्या जुन्या टेम्पोत तीन मावल्या असत्या.

डॉक्टर म्हणाले, "राहू दे घरी. तू उचलून ठेवत जा तिला. आणि विचारलं तर सांग, डिकीत आहे. उगाच जीवाला घोर नको."

झालं. तेव्हापासून गाडी फाटकातून बाहेर पडली की माई मागून विचारायच्या, "माझी खुर्ची घेतलीस का रे?" आणि हा म्हणायचा, "घेतली माई. डिकीत आहे." तीन वर्षं. उतरताना म्हणायचा, काढायला वेळ लागेल, मी उचलतोच. त्यांना कळत नसेल? कळत असणार. पण विचारायच्या. कुणी रोज विचारत असेल ना, तर त्याला उत्तर हवं असतं असं नाही. तुम्ही कधी लाजता, हे बघायचं असतं. हे मी नाही, साडू म्हणाला होता, आणि म्हणताना खाली बघत होता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. इमारतीला दहा पायऱ्या, वर पाहुण्यांची रीघ. डॉक्टर म्हणाले, माईला तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीतच बसू दे, एसी चालू ठेव, गर्दी ओसरली की आणू. माई म्हणाल्या, "खुर्ची काढ रे. मला वर जायचंय. मुलाचं बघायचंय." हा म्हणाला, "काढतो माई. आलोच."

आणि वर विचारायला गेला. वर कुणीतरी हातात ताट दिलं. कुणीतरी म्हणालं, जरा खुर्च्या हलव. पन्नास मिनिटं गेली.

खाली आला तेव्हा गाडी आपोआप बंद पडलेली. एसी बंद, काचा वर. मागच्या दाराला चाइल्ड लॉक, म्हणजे ते आतून उघडत नाही, आणि ते यानेच लावलेलं, कारण माईंनी एकदा चालत्या गाडीत दार उघडलं होतं. माईंचा हात दाराच्या हँडलवर होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेलही. त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.

आठवड्याने डॉक्टरांनी खुर्ची भंगारात दिली. साडूनेच ती जिन्यावरून खाली आणली. भंगारवाल्याच्या हातगाडीवरही ती मावेना. त्याने तिथंच, फाटकासमोर, कटर लावून तिचे दोन तुकडे केले. साडू उभा राहून बघत होता. ठिणग्या पायावर पडल्या तरी हलला नाही म्हणे. एवढं ध्यानात ठेवा. दोन तुकडे.

त्यानंतर गाडीने छळायला सुरुवात केली. बॅटरी नवी घातली तरी सकाळी मेलेली. डिकी तर उघडायचीच बंद झाली. आणि मागचा डावा कोपरा खाली बसायचा. या गाड्यांना स्प्रिंग नसतात, हवेच्या पिशव्या असतात. कुणी बसलं की गाडी किंचित दबते, मग स्वतःला सावरून घेते. ही दबायची आणि सावरायची नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोनदा राहून आली. दोन्ही वेळा कागदावर लिहून आलं, दोष आढळला नाही. शेवटी डॉक्टरांनी ती विकली. गिऱ्हाईक दुसऱ्या गावचं, दीडशे किलोमीटरवर. डॉक्टर साडूला म्हणाले, "सकाळी सातला गाडी त्यांच्या दारात हवी. पुन्हा कुठे बंद पडली आणि सौदा मोडला, तर तू दुसरीकडे काम बघ." पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण काम देतंय? दिवसा गर्दीत ती तापायची, म्हणून हा रात्री निघाला.

नोव्हेंबरची सतरा तारीख. सोमवार. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटं. निघताना त्याने मला फोन केला होता. म्हणाला, "दादा, ही एक खेप झाली की सुटलो."

पाऊणएक तास सगळं ठीक होतं. मग घंटी वाजायला लागली. पट्ट्याची. मागच्या डाव्या सीटची. सीटखाली एक चकती असते. वजन पडलं आणि पट्टा लावलेला नसला की टिंग टिंग सुरू. सीटवर पिशवी ठेवली तरी तिला माणूस वाटतो. मग आमचे लोक काय करतात, रिकाम्या सीटचा पट्टा तसाच खटकन अडकवून टाकतात. तोंड बंद. सगळे ड्रायव्हर करतात. मीही करतो.

याने गाडी कडेला घेतली. मागचं दार उघडलं. सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, कागद नाही. पट्टा ओढला, अडकवला. घंटी थांबली. निघाला.

माझा फोन वाजला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दादा, गाडी मेली."

"कुठे आहेस?"

त्याने सांगितलं. आमच्यापासून सत्तर किलोमीटर. सरळ रस्ता, एका बाजूला बंद पडलेला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी विचारलं, दिवे लागतायत? नाही. हॉर्न? नाही. म्हटलं, बॅटरी संपूर्ण बसलीय, तू बाहेर उभा राहा, मी टोइंगवाल्याला उठवतो. पॅन्ट चढवता चढवता बोलत होतो.

तो म्हणाला, "दादा... मागचा कोपरा पार खाली गेलाय. टायर पत्र्याला टेकलाय."

"हवा गेली असेल. हात लावू नकोस."

"दादा, मी आत टॉर्च मारलाय."

"मग?"

"पट्टा..."

"पट्ट्याचं काय?"

"मी तो रिकाम्या सीटवर अडकवला होता. तो सीटला टेकलेला नाहीये."

मला काही कळेना. म्हटलं, नीट सांग.

"सीटपासून वीतभर पुढे आहे. ताणलेला. मध्ये काही नाही, दादा. आणि पट्टा ताणलेला."

मी म्हटलं, लांब हो गाडीपासून. आत्ता. ऐकतोस का?

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तुमच्या काकूने तोवर तिच्या फोनवरून टोइंगवाल्याला उठवलं होतं, तो खाली हॉर्न वाजवत होता. मी फोन कानाला लावूनच जिना उतरलो.

आणि मग साडू बोलला. माझ्याशी नाही. आवाज मऊ. मालकाच्या घरातला आवाज.

"घेतली माई..."

थोडा वेळ काहीच नाही.

"डिकीत आहे."

मी ओरडलो, अरे कुणाशी बोलतोयस? टोइंगवाला माझ्याकडे बघायला लागला. समोरून दुसरा कुणाचाच आवाज येत नव्हता. शप्पथ सांगतो. फक्त मधल्या जागा. एखादा फोनवर बोलत असला की पलीकडचं ऐकताना गप्प बसतो ना... तेवढ्याच जागा.

"हो माई..."

...

"काढतो."

मग घुर्रर्र आवाज आला. डिकीची मोटर. सावकाश वर जाणारी. ती डिकी आठ महिने उघडली नव्हती. आणि बॅटरी मेलेली होती. मेलेल्या बॅटरीवर ती मोटर फिरत नाही. कुठल्याही गाडीत फिरत नाही.

मोटर थांबली.



मग लोखंडावर लोखंड. एकदा. पुन्हा. खण्. खण्. तो काहीतरी ओढत होता. दम लागत होता त्याला.

"दादा..."

"बोल. मी आहे. निघालोय मी."

"निघत नाहीये, दादा."

"काय निघत नाहीये?"

"चार बोटं... चारच बोटं अडतेय..."

आणि तो रडायला लागला. पन्नाशीचा गडी. मध्येच रडणं दाबून म्हणायचा, "काढतो माई, काढतो, आलोच." पुन्हा खण्. पुन्हा ओढायचा. मी नुसता ऐकत होतो. अंतर सत्तर किलोमीटर. काय करणार होतो मी? फोन ठेवला नाही, एवढंच केलं. मग हळूहळू ओढण्याचा आवाज थांबला. रडणं थांबलं. फोन चालू होता. समोर कुणीतरी श्वास घेत होतं. तो साडूच असणार, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

पोचलो तेव्हा दोन पस्तीस झाले होते. डिकी उघडी. तो रस्त्यावर गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हात खांद्यापर्यंत डिकीत. तळव्यांची सालटं निघालेली. मूठ सुटेना. मी आणि टोइंगवाल्याने एक एक बोट सोडवलं.

मी आत टॉर्च मारला.

जाड नळ्या. हँडलवर हिरव्या पट्ट्या.

साडू माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, मी खोटं नव्हतो बोललो. बघा. आहे डिकीत." आणि पुन्हा हात आत घालायला लागला.

त्याने पुन्हा गाडी चालवली नाही. एका शाळेच्या फाटकावर बसतो आता. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, डिकीत वाकून बघितलं आणि रिक्षाने परत गेले. गिऱ्हाइकाने गाडी नाकारली, डॉक्टरांनी परत नेली नाही. म्हणून ती माझ्या अंगणात आहे.

आता म्हणाल, मागची सीट पाडून काढायची. त्या गाडीची सीट पडत नाही, मागे पत्रा आहे. चाकं काढून? काढून बघितली. मी स्वतः टेपने तीनदा मोजलंय. डिकीचं तोंड खुर्चीपेक्षा चार बोटं लहान आहे. बाहेर येऊ शकत नाही. आणि जी बाहेर येऊ शकत नाही, ती आत कशी गेली, ते मला विचारू नका. नळ्यांवरून हात फिरवलाय मी. कापल्याची खूण नाही, जोड नाही. म्हाताऱ्याने केली तेव्हा होती तशी, सलग.

साडू दर रविवारी येतो. ताडपत्री उचलतो, थोडा वेळ ओढून बघतो, घरी जातो. तुमची काकू त्याला काही म्हणत नाही. त्या वेळी ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

मी त्याला एकदाच म्हटलं, काढायची तर आता कापावी लागेल, माझ्याकडे कटर आहे.

तो म्हणाला, "दादा, ती एकदा कापून झालीय."