कडूबाईची ओ

सेलूच्या जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं कापूस निवडलेली कडूबाई तोंडाच्या कॅन्सरलाही वचकली नव्हती. किरणांचे शेक घेतले, बरी झाली. पण दोन वर्षांनी दाढ किडली आणि परभणीचे डॉक्टर म्हणाले, "शेकानं हाडातलं रक्त आटलंय. अशीच दाढ काढली तर जखम भरणार नाही, जबडा सडेल. आधी वीस दिवस टाकीत दाबाखाली ऑक्सिजन घ्या. मग दाढ काढू, मग आणखी दहा दिवस."

"घेते की," कडूबाई म्हणाली. "जबडाच गेला तर सुनंशी भांडू कशानं?"

रोज सकाळच्या गाडीनं ती यायची. टाकी म्हणजे आडवी पारदर्शक नळी, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. तेल, धातू काही चालायचं नाही. रेणुका सिस्टर तिची जोडवीसुद्धा उतरवून ठेवायची. दार लागलं की कान गच्च व्हायचे, मग आवंढा गिळायचा. बाहेरचं बोलणं आत स्पीकरमधून यायचं.

नवव्या दिवशी स्पीकरमधून हाक आली. "साखरबाई."

कडूबाईनं मान वळवून काचेबाहेर पाहिलं. हे तिचं पाळण्यातलं नाव. आधीची तीन लेकरं दगावली म्हणून आईनं ते लपवलं आणि चारचौघांत कडू नाव ठेवलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकावं म्हणून. लग्नाच्या दिवशी एकदाच कानात सांगितलं होतं. आई जाऊन तीस वर्षं झाली.

रेणुका पाठमोरी बसून लिहीत होती.

असल्या हाकेला ओ द्यायची नसते, दिली की माणूस गेलं. कडूबाई गप्प राहिली. हाक मात्र रोज यायची. पंधराव्या दिवशी तिचं डोकंच फिरलं.

"कोण साखरबाई? हितं कडूबाई हाय. जा, दुसरं दार बघ."

स्पीकर गप्प झाला.

"मावशी, कुणाशी बोलायलाव?" बाहेर आल्यावर रेणुकानं विचारलं.

"हुता एक चोंबडा. हाकलला."

दाढ निघाली. जखम झकास भरत आली. डॉक्टर खूश, कडूबाई त्याहून खूश.

तिसाव्या, शेवटच्या दिवशी दार लागलं, आवंढा गिळून कान मोकळे झाले.

"कडूबाई."

रेणुका काचेसमोरच उभी होती. ओठ मिटलेले.

नाव आपणच सांगून बसलो, हे तेव्हा तिला उमगलं.

"कडूबाई."

तिनं जबडा आवळला. महिनाभर झगडून वाचवलेला जबडा. बघू, कोण उघडतंय.

"कडूबाई."

दातांवर दात गच्च होते. ओठसुद्धा हलले नाहीत.

दाढेच्या रिकाम्या जागेतून, तिच्याच आवाजात, हळूच ओ आली.