कवळ्या कुणाच्या हातच्या

"शेहेचाळीस टक्क्यांवर वकील?" आत्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि त्या अगदी मनापासून हसल्या. "दादा, अरे हिला समजाव कुणीतरी. निकालाच्या दिवशी तूच म्हणाला होतास ना, हिच्या डोक्यात प्लास्टर भरलंय म्हणून?"

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. ते काही बोलतील अशी लेकीची अपेक्षाही नव्हती... तरी कान तिकडेच लागले होते, वेडे! आत्या तशा मनाने वाईट नव्हत्या. फक्त समोरच्याला नेमकं कुठे लागेल, तेवढंच त्यांना बरोबर आठवायचं. ती कपबशा उचलून स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली.

घराच्या मागच्या खोलीत बाबा कवळ्या बनवत. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे, बाबा त्यावरून प्लास्टरचे साचे काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे, आणि अर्ध्या शहराचे म्हातारे-म्हाताऱ्या त्यांच्या कृपेने कडक पदार्थ खायचे. त्यांच्या हाताला तोड नाही, असं डॉक्टरमंडळी एकमुखाने म्हणायची. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा तोच हात थरथरू लागला. एके दिवशी मेणात रचलेली दातांची अख्खी ओळ बाबांच्या हातून निसटून फरशीवर विखुरली आणि ते तिच्याकडे नुसते बघत राहिले... त्या नजरेतली अगतिकता तिला पाहवेना. तिने दात गोळा केले, दिव्यावर मेण मऊ केलं आणि ती बाबांच्या स्टुलावर बसली. लहानपणापासून बघत आलेली होती. हात आपोआप चालले.

आजच्यापुरतं म्हणून सुरू झालेलं ते काम पुढे तिच्याच गळ्यात पडलं. ठसे सकाळी यायचे, कवळ्या संध्याकाळी लागायच्या. मग वर्गात कोण जाणार? शाळेत कधी पहिला नंबर न सोडलेली मुलगी कॉलेजात कशीबशी पास होत गेली. डॉक्टर म्हणायचे, "तुमचा हात अजून तसाच आहे हो," आणि बाबा हात पाठीमागे बांधून हसायचे. त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं. दिलं होतं ते मायेनं दिलं होतं, त्याचा हिशेब कसला? पण निकालाच्या दिवशी आत्यांनी विचारलं, दिवसभर घरात असते, मग ही करते तरी काय? आणि थरथरता हात उघडा पडेल म्हणून बाबा घाबरले. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचं ते निघालं. इतरांनी म्हटलं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. पण सगळं ठाऊक असलेल्या माणसाने म्हटलं होतं. ते वाक्य तिच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

वकिलीचं वेड कवळ्यांच्या त्या मागच्या खोलीपायी लागलं होतं. घरमालकाने ती खाली करा म्हणून तगादा लावला, तेव्हा झिजलेल्या चपला घातलेल्या एका वकीलबाईंनी शांतपणे दोन-चार प्रश्न विचारले आणि मालकाची बोबडी वळली. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. प्रवेशपरीक्षेत तिने उत्तम गुण मिळवले. राहता राहिली मुलाखत, आणि ती आज सकाळीच झाली होती.

"काय विचारलं गं?" आईने नळ बंद करत विचारलं.

"शाळेत एवढी हुशार, मग कॉलेजात काय झालं, म्हणाले. शुक्रवारी परत या, खरं कारण सांगा, आणि ते खरं आहे असं सांगणारं कुणीतरी बरोबर आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला देणार."

"मग?"

"मग काय? अभ्यास केला नाही, असं सांगेन. बाबांचा हात चव्हाट्यावर मांडून मला वकील व्हायचं नाही, आई. यंदा नाही मिळाली जागा तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या. होणार मात्र आहे."

आईच्या डोळ्यांना धार लागली. दाराआड बाबा उभे होते, हे दोघींनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळीच बाहेर पडू लागले. कुठे जाता म्हटलं की "कामं आहेत" एवढंच. कामं तर इथे मेणात पडली होती, आणि ती मुकाट्याने करत होती.

शुक्रवारी ती एकटीच लॉ कॉलेजात गेली. मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा बसले होते.

"बाबा, तुम्ही घरी जा. मी सांगितलंय ना..."

"तू आईला सांगितलंस. मला कुठे सांगितलंस?" ते उठले आणि तिच्या आधी आत शिरले.

टेबलामागे एक वयस्कर प्राध्यापक आणि दोन प्राध्यापिका बसल्या होत्या. बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं काचेवर थडथडू लागली.

"हे असं आहे, साहेब. हिच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. माझ्या नावावर जाणारी प्रत्येक कवळी ही करते. हिचं कॉलेज मी खाल्लं. आणि मार्क कमी पडले तेव्हा... चारचौघांत हिला मीच मठ्ठ ठरवलं. शिक्षा द्यायची तर मला द्या."

"बाबा, पुरे," ती कशीबशी म्हणाली. "डॉक्टरांना कळलं तर कामं बंद होतील."

"कळलंय. मीच एकेकाच्या दवाखान्यात जाऊन सांगून आलो. दोघांनी बंद केली. बाकीचे म्हणाले, करणारी तीच आहे ना, मग चालू दे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आता तुला झाकायला काही उरलं नाही."

इतके दिवस बाबा कुठे जात होते ते तिला आता कळलं... आयुष्यभर जपलेलं नाव त्यांनी दारोदार जाऊन स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलं होतं, तिच्यासाठी!

"चौकातल्या दवाखान्याचीही कामं तुमच्याकडेच यायची का हो?" प्राध्यापकांनी मध्येच विचारलं. बाबांनी मान डोलावली. प्राध्यापकांनी तोंड मिटलं, आतल्या आत जीभ फिरवली आणि तिच्याकडे जरा आदराने पाहिलं.

"हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"ते माझं नव्हतं, सर. बाबांचं होतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक बाई म्हणाल्या, "सोमवारी फी भरा. वर्ग सकाळचे असतात. आणि आता एकही तास बुडवायचा नाही."

बाहेर आल्यावर मात्र तिचा बांध फुटला. जिन्याच्या कठड्याला धरून ती ओक्साबोक्शी रडली, आणि बाबा शेजारी उभे राहून तिच्या पाठीवरून तो कापरा हात फिरवत राहिले. येणारीजाणारी मुलं बघत होती, बघू देत.

"आत्याकडे जातो आता," बाबा म्हणाले. "त्या दिवशीचं तिच्यासमोर परत घ्यायचंय. तू घरी जा, दमलीस."

तिने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं.

"नाही बाबा. मी येते. मला ऐकायचंय."