दहाव्या मिनिटाला बुडणारी होडी

"सावल्या बंद कर! लाटासुद्धा बंद कर!" देवेश ओरडला.

"लाटा काढल्या तर समुद्रात उरलं काय?" रसिका कळवळून म्हणाली. पण काढल्या.

लॅपटॉप होता मुंबईच्या दीपेशदादाने वापरून वापरून पार खिळखिळा केलेला, आणि 'वादळनौका' हा खेळ दांडग्या यंत्रांसाठी बनवलेला! तो चालावा म्हणून सुट्टी लागल्यापासून रसिका, तिचा धाकटा भाऊ देवेश आणि शेजारचा बाबली त्यातली एकेक शोभा उतरवत होते. ढग गेले, पाऊस गेला, आता समुद्राची नुसती हिरवी चटई झाली. समुद्रकाठच्या देवबागच्या पोरांवर लाटा पुसायची पाळी यावी, याहून नामुष्की ती कोणती!

आठवड्यापूर्वीपर्यंत खेळ रखडत का होईना, चालायचा तरी. आता मात्र बरोबर दहाव्या मिनिटाला पडदा काळा व्हायचा. आताही झाला.

"गेला!" रसिकाने कपाळावर हात मारला. सव्वातीन वाजले होते. चारला अंतिम शर्यत! खेळातल्या एका होडीत दोघी असायच्या. सुकाणूवर रसिका आणि शिडांवर तिची जिवलग मैत्रीण रिया. रियाच्या बाबांची ओरोसला बदली झाल्यापासून दोघींची भेट व्हायची ती या होडीतच. परवा सरावात रसिका मध्येच नाहीशी झाली आणि होडी खडकावर आपटली.

"पुन्हा असं झालं तर मी दुसरी जोडीदार बघेन हं," रिया फोनवर म्हणाली होती. रागावली असती तर चाललं असतं, पण तिचा आवाज रडवेला होता. तेच रसिकाला फार लागलं होतं. पण करणार काय? सगळे उपाय करून झाले होते.

बाबलीने लॅपटॉपवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "बापरे! ह्येच्यार बांगडो भाजून निघात!"

"पंखो बंद पडलो आसतलो," देवेश म्हणाला.

रसिकाने कान लावला. "नाय रे, पंखो फिरता!" मग तिने कडेला तळवा धरला. वारा नावालाही नव्हता. पंखा फिरतो आणि वारा नाही? तिने लॅपटॉप उलटा केला, पाठीवरून नख फिरवलं आणि ती किंचाळलीच. काळ्या पाठीवर काळी चिकटपट्टी! हवेच्या सगळ्या जाळ्या अगदी टापटीप बुजवलेल्या!

"ही पट्टी खंय तरी बघलंय मी..." बाबलीने डोकं खाजवलं. मग तिघेही एकदम ओरडले, "काकाच्या होडीर!"

रसिका-देवेशचे सत्यवानकाका पर्यटकांना होडीतून खाडीत फिरवायचे. इंजिनाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्यांची चूक काढली की धपाटा ठरलेला. रसिकाने लॅपटॉप पाठीमागे लपवला आणि तिघं धक्क्यावर धावली.

"काका, इंजिनाच्या मागसून पाण्याची बारीक धार पडता ना? ती बंद झाली तर काय होता?"

"काय होता? गो, इंजिन थंड करून ता पाणी भायर पडता. धार बंद झाली तर इंजिन तापतला आणि धा मिनटांत बंद पडतला!"

"आणि कोणी मुद्दाम पट्टी लावून भोक बुजवला तर?"

"तो गाढव!" काका गरजले.

रसिकाने उलटा लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. काकांनी पट्टी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "माका वाटला, खारो वारो आत गेलो तर गंजतला... म्हणान मीच..."

बाबलीने तोंडावर हात दाबून हसू आवरलं.

मग काका स्वतःच कामाला लागले! पट्टी निघाली, ब्रशने धूळ गेली. काकांसकट सगळे धावतपळत घरी येईपर्यंत चारला दोन मिनिटं कमी होती.

शर्यत सुरू झाली. होडी अडखळत, ठेचकाळत निघाली. आठ मिनिटं. नऊ. आता लॅपटॉप बंद पडला तर रसिकाच्या हातात काहीच नव्हतं!

"धार येता काय गो?" काका कुजबुजले.

देवेशने कडेला तळवा धरला. गरम वारा भसाभस बाहेर येत होता. "येता, काका!"

अकरावं मिनिट गेलं, बारावं गेलं आणि होडी किनाऱ्याला लागली. नंबर सातवा! पण फोनवरून रिया नुसती ओरडत होती, "रसिका, तू शेवटपर्यंत होतीस! शेवटपर्यंत!" रसिकाला हसू आणि रडू एकदमच आलं.

काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! उद्यापासून माझ्या होडीत इंजिनाकडे तू बस. धार बघूचा काम तुझा." मग खाली वाकून ते हळूच म्हणाले, "आणि गाढव कोण, ता रियाक सांगू नको हां!"