प्रेतासाठी बर्फ

आमच्या सिनेमात खून होतो भर जुलैत, आणि आम्ही तो उरकत होतो जानेवारीत. लंडनबाहेरच्या त्या पत्र्याच्या स्टुडिओत वाफेवर तापणारे नळ होते, पण ते ठणाठणा वाजत, म्हणून चित्रीकरण सुरू झालं की बंद. मग उन्हाळ्याच्या प्रसंगात नटांच्या तोंडून वाफा निघत. त्यावर उपाय एकच. प्रत्येक शॉटआधी मी बर्फाचं भांडं घेऊन फिरायचे. एकेकाने खडा चघळून थुंकायचा, म्हणजे तोंड गार पडतं आणि वाफ दिसत नाही. थंडीने काकडणाऱ्यांना बर्फ चारायचा आणि वर त्यांच्या शिव्या खायच्या, ही माझी नोकरी. पुढच्या शॉटशी जुळावं म्हणून कुणाचा रुमाल कुठल्या खिशात होता, तेही मीच लक्षात ठेवायचं.

बुधवारी दुपारी आदल्या दिवसाचं चित्रीकरण बघताना दिग्दर्शक गॅस्कॉइनसाहेब ओरडले, "मिस प्रॉसर! प्रेत श्वास घेतंय!"

खरंच घेत होतं. गालिच्यावर पडलेल्या, खून झालेल्या कर्नलच्या ओठांतून वाफेची बारीक रेघ वर जात होती.

"त्याला बर्फ दिला नाहीत?"

"साहेब, तो पुतळा आहे. प्रेताचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाला सोमवारी तुम्हीच घरी पाठवलंत, काटकसर म्हणून."

"मग वाफ कोण सोडतंय, मी? शुक्रवारी संध्याकाळी सेट मोडणार. तोवर हा शॉट नीट मिळाला नाही, तर तुम्हालाही सुट्टी."

माझ्या पगारावर घरी आजारी आईचं औषधपाणी चाललं होतं.

सामान सांभाळणाऱ्या आल्फला घेऊन मी पुतळा उलटापालटा करून पाहिला. "अहो बाई, आत भुसा आणि प्लास्टर," आल्फ म्हणाला. "श्वास घ्यायला त्याला जागा तरी आहे का?" आसपास चहाचा कप नव्हता, कुणाची सिगरेट नव्हती. शॉट पुन्हा घेतला. गुरुवारी पाहिला, तर वाफ जास्तच दाट.

माझं डोकं फिरलं. जिवंत माणसांनी छळायचं ते छळायचं, आता मेलेल्यानेही! शॉट तिसऱ्यांदा लागला, तेव्हा मी तणतणत गेले आणि पुतळ्याच्या ओठांच्या फटीत बर्फाचा खडा कोंबला.

"चहाही विचारा त्याला," आल्फ म्हणाला.

तेवढ्यात आमची नायिका सिबिल सुजलेला गाल धरून आली. "दाढ ठणकतेय गं. मेले तरी आज बर्फ तोंडात घालणार नाही."

"सिबिल, माझी नोकरी जाईल!"

"मग मी श्वासच घेत नाही, झालं?" ती हसत म्हणाली, आणि कर्नलच्या तोंडाजवळ तोंड नेऊन रडायला बसली. गॅस्कॉइनसाहेबांनी 'सुरू!' अशी आरोळी ठोकली. आता काही करता येत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं चित्रीकरण बघायला बसलो. त्या खोलीतही शेगडी नव्हती.

पुतळ्याच्या ओठांवर काही नव्हतं. सिबिल हुंदके देत होती, आणि तिच्याही ओठांवर काही नव्हतं.

"शाब्बास, मिस प्रॉसर!" गॅस्कॉइनसाहेब म्हणाले. मला रडूच आलं. आईचं औषध सुटणार नव्हतं.

सिबिल माझ्याकडे झुकली. "बघ, बर्फाशिवाय!"

"दाढ कशी आहे?"

"कालच थांबली. त्या शॉटनंतर काहीच दुखत नाही."

ती हसली. पडद्याकडे जाणाऱ्या उजेडाच्या झोतात साहेबांची वाफ वर चढत होती. आल्फची. माझी.

मी सिबिलच्या तोंडासमोर पाहिलं.

ती अजून माझ्या कानाला लागून हळूच बोलत होती. शब्द नीट ऐकू येत होते. कानाला ऊब लागत नव्हती.